पाठवलाय, सर!

रेसिडेंट डॉक्टर हा महाराष्ट्रातला सर्वांत जास्त लिहिणारा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा लेखक आहे. राउंडच्या आधी नोट्स, राउंडनंतर नोट्स, दुपारी डिस्चार्ज कार्डं, संध्याकाळी दुसऱ्या विभागाला कॉल, रात्री पोलिसांसाठी एमएलसीचे, म्हणजे मेडिको-लीगल केसचे कागद, आणि या सगळ्याच्या फटींत रक्त, लघवी, एक्स-रे यांचे फॉर्म. एवढा मजकूर वर्तमानपत्राचा उपसंपादकही रोज लिहीत नसेल. फक्त या साहित्याचा सगळा डोलारा तीन अक्षरांवर उभा असतो : सीएसटी. ही अक्षरं वाचून मुंबईकराला लोकल आठवते, डॉक्टरला 'कंटिन्यू सेम ट्रीटमेंट'. पेशंट सुधारला, सीएसटी. पेशंट जैसे थे, सीएसटी. रात्री तीन वाजता पेशंट झोपलाय की आपण, हे नक्की सांगता येत नसलं तरी हात आपला सीएसटी लिहून मोकळा.

अशा माणसाला एक दिवस सांगितलं जातं, की बाबा रे, आता जर्नलसाठी पेपर लिही. अडीच-तीन हजार शब्द. पूर्ण वाक्यांत. क्रियापदांसकट.

मी हे लांबून बघत नाही. मी पीएसएम विभागात शिकवतो. पीएसएम म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन. विद्यार्थ्यांच्या भाषेत पाणी, संडास, मच्छर. एरवी आमच्या मजल्यावर कुणी फिरकत नाही. सर्जरीवाले आम्हाला डॉक्टर म्हणतात ते निव्वळ सौजन्य म्हणून. पण स्टॅटिस्टिक्स येतं असा समज असलेला कॉलेजातला एकमेव प्राणी आमच्या विभागात बसतो, त्यामुळे थीसिस जमा करायची तारीख जवळ आली की दाराबाहेर ओपीडीसारखी रांग लागते. प्रत्येकाच्या हातात पेन ड्राइव्ह, पेन ड्राइव्हमध्ये एक्सेल शीट, आणि शीटमधल्या 'सेक्स' या रकान्यात कुठे 'एम', कुठे 'मेल', कुठे 'पुरुष' आणि एका ठिकाणी '४५'. "सर, फक्त पी व्हॅल्यू काढून द्या," असं ते म्हणतात, ज्या सुरात वॉर्डात "सिस्टर, फक्त एक सलाइन लावा" म्हणतात त्याच सुरात.

ही मंडळी हौसेने लिहीत नाहीत, हे त्यांच्या बाजूने आधीच सांगायला हवं. मेडिकल कौन्सिलच्या जुन्या पीजी नियमावलीत एक कलम होतं. एमडी-एमएसच्या परीक्षेला बसायचं तर एक पोस्टर मांडा, राज्य किंवा राष्ट्रीय परिषदेत एक पेपर वाचा, आणि एक शोधनिबंध छापून आणा. छापून येत नसेल तर स्वीकारल्याचं पत्र आणा. तेही जमत नसेल तर निदान पाठवा. हे 'निदान पाठवा' ज्या कुणा अधिकाऱ्याच्या डोक्यातून निघालं त्याला मी मनोमन नमस्कार करतो. आपल्या सरकारी नियमांत इतकी करुणा क्वचित सापडते. गाइडने कॉरिडॉरमध्ये गाठून "पेपरचं काय झालं?" विचारलं, की "पाठवलाय, सर!" एवढं म्हणायचं. कुठे, हे गाइडही विचारत नसत. पाठवलेला पेपर परत येतो, पण पाठवल्याची पोच परत मागायला कुणी येत नाही.

२०२३च्या नियमावलीने हा जाच थोडा सैल केला. मधल्या काळात संशोधनपद्धतीचा एक ऑनलाइन कोर्स मात्र मागे लागला होता. चेन्नईच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एपिडेमिऑलॉजीने २०१९मध्ये सुरू केलेला हा कोर्स उत्तम आहे. हे मी विनोद म्हणून म्हणत नाही. पण रेसिडेंट तो ऐकतो कुठे? आयसीयूच्या ड्यूटीवर. एका कानात इअरफोन, दुसरा कान मॉनिटरच्या टिकटिकीकडे. 'बायस' म्हणजे काय ते कळतं, आणि 'कन्फाउंडिंग' सुरू होतं तेवढ्यात बेड नंबर चारचा ऑक्सिजन घसरतो. त्यामुळे आमच्याकडे बायस सगळ्यांना येतो. कन्फाउंडिंग कुणालाच येत नाही.

विषय गाइड देतात. शीर्षकाचा साचा ठरलेला आहे : 'अ स्टडी ऑफ क्लिनिकल प्रोफाइल ऑफ अमुक इन अ टर्शरी केअर हॉस्पिटल'. अमुकच्या जागी रोग भरायचा. टर्शरी केअर हॉस्पिटल म्हणजे आपलंच, जिथली लिफ्ट बंद आहे ते. साधारण तीन वर्षांची एक तुकडी बाहेर पडली की तोच रोग नव्या मुलाच्या वाट्याला येतो, आणि जुन्या थीसिसचं बाइंडिंग सैल पडायला लागतं ते याच सुमारास. आमच्या स्वतःच्या विभागाचं तर त्याहून सोपं. आम्ही केएपी स्टडी करतो : लोकांना काय माहीत आहे, काय वाटतं आणि ते करतात काय. हात धुण्यावर करा, डासांवर करा, तंबाखूवर करा, निष्कर्ष एकच निघतो. माहीत सगळं आहे, करत कुणी नाही. यासाठी शोधनिबंध कशाला, घरात दहावीतला एक मुलगा असला तरी पुरतं.

शिकत्या वयात माणसाकडे सांगण्यासारखं काही नसतं, असं मात्र नाही. १८६९ साली बर्लिनमध्ये पाउल लांगरहान्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहिला. स्वादुपिंडात त्याला पेशींचे काही वेगळेच पुंजके दिसले होते. त्यांचं काम काय, हे आपल्याला ठाऊक नाही, असं त्याने सरळ लिहून टाकलं. पुढे त्या पुंजक्यांना 'लांगरहान्सची बेटं' हे नाव मिळालं आणि आणखी पुढे त्यांच्यातूनच इन्शुलिन निघालं. हा मुलगा आमच्याकडे असता तर सिनॉप्सिसच्या मीटिंगमध्येच त्याचा निकाल लागला असता.

"क्लिनिकल सिग्निफिकन्स काय याचा?"

"माहीत नाही, सर."

"मग कशाला डोकं लावतोस? पुंजके-बिंजके सोड. क्लिनिकल प्रोफाइल ऑफ पँक्रिअटायटिस घे. दारूवाल्या केसेस भरपूर आहेत आपल्याकडे, सॅम्पल सहा महिन्यांत पुरं होईल."

आपल्या आनंदीबाई जोशींनी १८८६ साली फिलाडेल्फियाला पदवीसाठी प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. त्या बाईंना काहीतरी सांगायचं होतं, हे नुसतं शीर्षक वाचून कळतं. आमच्या शीर्षकांवरून फक्त इमारत कळते.

थीसिसपेक्षा रेसिडेंटला केस रिपोर्ट जवळचा वाटतो. एकच पेशंट, दोन फोटो, आठ-दहा संदर्भ. अट एवढीच, की केस 'रेअर' हवी. आता दुर्मीळ रोग सरकारी दवाखान्यात ठरवून येत नाहीत, म्हणून दुर्मीळपणाचं गणित नकाशावर सोडवावं लागतं. पबमेडवर शोधलं तर जगात शेकड्यांनी केसेस सापडतात. हरकत नाही, भारतात कमी असतील. भारतातही निघतात. मग पश्चिम भारत, मग महाराष्ट्र, मग 'फर्स्ट केस फ्रॉम मराठवाडा'. तीही शेजारच्या जिल्ह्याने आधीच छापलेली निघाली, तर वय, बाजू आणि व्यवसाय मदतीला धावतात. ऑर्थोचा एक जेआर थ्री, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा ज्युनियर रेसिडेंट, असा पायऱ्या उतरत उतरत इतका खाली गेला, की शेवटी ती त्या रोगाची त्या तालुक्यातली, पन्नाशीपुढच्या स्त्रीच्या डाव्या पायातली पहिली केस ठरली. त्याच महिन्यात त्याच वॉर्डात उजव्या पायाची बाई दाखल झाली. त्याचा चेहरा बघवत नव्हता. पण रेसिडेंट लोक चिवट असतात. दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी उभा : "सर, आता केस सिरीज करतो."

फोटोसाठी पेशंटची लेखी संमती लागते. या संमतीच्या वेळी वॉर्डात जे संवाद होतात ते कुठल्याही जर्नलमध्ये येत नाहीत, हे वैद्यकाचं मोठं नुकसान आहे. मानेवर गाठ असलेल्या एका आजोबांना रेसिडेंट समजावत होता.

"आजोबा, तुमचा फोटो मोठ्या पुस्तकात छापायचाय. परदेशातले डॉक्टर बघतील."

"नाव येईल माजं?"

"नाही, नाव नाही छापत. आणि डोळ्यांवर काळी पट्टी लावणार. म्हणजे कुणी ओळखणार नाही."

"चोराला लावत्यात तशी?"

"तशी नाही हो आजोबा…"

"अरं पण मग गावात दाखवू काय मी? गाठ?"

जर्नल संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती म्हणते, की डोळ्यांवरची पट्टी ओळख लपवायला पुरत नाही. आजोबांचा आक्षेप बरोबर उलट्या बाजूने होता. शेवटी सही झाली, पट्टीबिट्टी काही न लावता फक्त मानेचा फोटो छापून आला आणि मजकुरात आजोबा 'अ सिक्स्टी-फाइव्ह-इयर-ओल्ड मेल, फार्मर बाय ऑक्युपेशन' झाले. त्यांनी पुढे रेसिडेंटला शेतातल्या शेंगा आणून दिल्या, त्याचा उल्लेख 'अ‍ॅक्नॉलेजमेंट'मध्ये यायला हवा होता. तिथे डीनसाहेब होते.

नावांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. शोधनिबंधाची पहिली ओळ ही लग्नपत्रिका असते. वधूवर कोण हे शोधावं लागतं, आधी निमंत्रक, मग व्यवस्थापक, मग समस्त परिवार, आणि तळाशी 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारे चिमुकले. १९७८ साली काही संपादक व्हँकुव्हरला जमले आणि त्या गटातून वाढलेल्या समितीने आज लेखक कुणाला म्हणावं याच्या चार अटी घातल्या आहेत : कामात भरीव वाटा, लेखनात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि सगळ्याची जबाबदारी. चारही एकाच वेळी हव्यात. आमच्या अटी तशा चारच, पण कुठलीही एक चालते : एचओडी असणं, गाइड असणं, गाइडचा बॅचमेट असणं, किंवा सोनोग्राफी करून दिलेली असणं.

मग २०१५ साली मेडिकल कौन्सिलने मास्तरांच्या बढतीसाठी फक्त पहिल्या दोन लेखकांना श्रेय द्यायचं ठरवलं, आणि वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने नांदलेल्या विभागांत भाऊबंदकी सुरू झाली. तिसऱ्या नंबरला अचानक काही किंमत उरली नाही. पुढे नियम बदलत गेले, तिसराही पंक्तीत आला, 'करस्पाँडिंग ऑथर'लाही पान मिळालं. या काळात 'करस्पाँडन्स' करायला ज्यांना ईमेलचा पासवर्डही आठवत नव्हता अशा ज्येष्ठांनी ते पद मोठ्या तडफेने मिळवलं. जर्नलचा मेल आला की ते रेसिडेंटला फोन करतात : "अरे, काहीतरी आलंय बघ. ओटीपी माझ्याकडे येईल."

अमेरिकेत जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाचा प्रश्न वेगळा होता. १९७५मध्ये छापलेला त्याचा पेपर त्याने एकट्याने लिहिला होता, पण सगळीकडे 'आम्ही' असं लिहून बसला. एकट्याचं 'आम्ही' जर्नल चालवून घेणार नाही, असं सहकाऱ्याने सांगितलं, आणि टाइपरायटरवर सगळं पुन्हा टंकायचा कंटाळा आल्यामुळे त्याने आपल्या मांजराला सहलेखक केलं. एफ. डी. सी. विलर्ड या भारदस्त नावाने ते मांजर छापूनही आलं. आमच्या वॉर्डांत मांजरं मुबलक आहेत. रात्रभर हजर असतात, म्हणजे काही सहलेखकांपेक्षा त्यांचा वाटा भरीवच. पण त्यांच्यासाठी जागा शिल्लक राहत नाही.

ज्याने बघितलं त्याचं नाव वर जातंच असं नाही, हे दुखणंही जुनं आहे. शिकागोत १९०४ साली अर्नेस्ट आयर्न्स नावाच्या इंटर्नला एका पेशंटच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या. १९१०मध्ये पेपर छापून आला तो त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांच्या एकट्याच्या नावावर. आयर्न्सचा मजकुरात उल्लेख आला. तोच सिकलसेल आज विदर्भातल्या वॉर्डांत आमचे इंटर्न रोज बघतात. त्यांचा तर मजकुरातही येत नाही. ते रिपोर्ट आणायला गेलेले असतात.

आता पी व्हॅल्यू. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९२५च्या आपल्या पुस्तकात ०.०५ ही रेघ एक सोय म्हणून सुचवली : आकडा तिच्या आत आला, तर फरक निव्वळ योगायोगाचा नाही असं धरायचं. आमच्याकडे तिला उंबरठ्याचं नाही, देव्हाऱ्याचं स्थान आहे. भूलशास्त्राचा एक मुलगा परवा आला. आकडा आला होता ०.०५२.

"सर, काहीच करता येणार नाही?"

"लिही ना तसंच. फरक सिद्ध झाला नाही म्हणून."

"पण सर, दोन पेशंट काढले तर?"

"कुठले दोन?"

"जे बरे झाले नाहीत ते."

त्याच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, हो. नुसती थकवा आलेल्या माणसाची आशा होती. छत्तीस तासांच्या ड्यूटीनंतर मला कुणी रिकामी खाट दाखवली असती, तर मीसुद्धा त्यावरचा पेशंट कुठे गेला हे विचारलं नसतं.

पेपर कसाबसा उभा राहिला, की तो छापायचा कुठे. परळच्या केईएम आणि जी. एस. मेडिकलच्या स्टाफ सोसायटीचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५पासून निघतं, पण तिथे पाठवायचं म्हणजे परत येण्याची तयारी ठेवून. त्यापेक्षा रोज सकाळी मेलमध्ये येणारी आमंत्रणं किती प्रेमळ असतात! 'डिअर एमिनंट डॉक्टर, ग्रीटिंग्ज ऑफ द डे!' तुमचा मौल्यवान लेख आम्ही वाचला, तुमच्यासारख्या थोर संशोधकाच्या लेखाविना आमचा अंक अडून राहिला आहे. ज्याला सकाळीच एचओडीने राउंडमध्ये "तुला एमबीबीएस दिली कुणी?" विचारलेलं असतं, त्या जेआर वनला दिवसात ऐकायला मिळालेला हा एकमेव चांगला शब्द. तो पैसे भरतो. २०१३मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने ढळढळीत चुका भरलेला एक खोटा पेपर तीनशेहून अधिक ओपन अ‍ॅक्सेस जर्नलांना पाठवला होता. निम्म्याहून जास्त जर्नलांनी तो स्वीकारला. भारतातल्या ६४ जर्नलांनी होकार दिला आणि १५ जर्नलांनी नकार. त्या पंधरा संपादकांचा मला अभिमान वाटतो आणि थोडी काळजीही वाटते.

चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरची भीती निराळीच. जुळणारा मजकूर दहा टक्क्यांच्या आत आणायचा, म्हणून वाक्यं तीच ठेवून शब्द बदलायची यंत्रं निघाली. त्या यंत्रांतून बाहेर पडलेले शब्दप्रयोग २०२१ साली काही संशोधकांनी गोळा केले. 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बोझम पेरिल' झालं होतं, 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस'. माझ्याकडे आलेल्या एका मसुद्यात हृदय बंद पडण्याऐवजी निराश झालं होतं. मी ते खोडलं नाही. इतक्या कोरड्या मजकुरात एकटं तेच वाक्य जिवंत होतं.

माझी खरी तक्रार हीच आहे. रात्री दोनच्या चहाला कॅन्टीनमध्ये ही मुलं बसतात तेव्हा ऐकावं त्यांना. कुठल्या गावातून साप चावलेले लोक उशिरा येतात आणि का, कुठली गोळी पेशंट अर्धी तोडून घरच्या दुसऱ्या पेशंटला देतात, डिस्चार्ज मंगळवारी का नको असतो. सगळं बारीक निरीक्षण, सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. सकाळी लॅपटॉप उघडला की यातलं एक अक्षर उमटत नाही.

मेडिसिनची एक जेआर टू मधुमेहावर थीसिस करत होती. शीर्षक काय असेल ते सांगायला नको. तिच्या लक्षात आलं, की एका लांबच्या तालुक्यातल्या पेशंटची उपाशीपोटीची साखर कायम वाढलेली असते. केसपेपरवर 'औषधं नीट घेत नाही' असा शेरा असतो आणि दर वेळी डोस वाढतो. तिने एका आजींना खोदून विचारलं. तिकडून पहाटे निघालेली एसटी इथे पोचते दहाला, केसपेपरच्या रांगेत वाजतात साडेअकरा, आणि रक्त देईपर्यंत उपाशी कोण राहणार? स्टँडवर उतरल्या उतरल्या सगळे वडापाव खातात आणि वर गोड चहा पितात. मोजली जाते ती वडापावची साखर. वाढवलेला डोस घेऊन हीच माणसं घरी जातात, तेव्हा त्यांना रात्री दरदरून घाम फुटतो.

"अगं, हाच पेपर," मी म्हटलं. "एसटीच्या वेळापत्रकावर औषधाचा डोस ठरतोय. हे लिही."

तिने गाइडना विचारलं. गाइड तसे भले गृहस्थ. ते म्हणाले, "मग काय, डेपो मॅनेजरला को-ऑथर करणार आहेस?"

पेपर आला छापून, चांगल्या जर्नलमध्ये आला. मी मुद्दाम शोधला. मेथड्सच्या दुसऱ्या परिच्छेदात ती सगळी माणसं मला सापडली, एकाच वाक्यात : 'उपाशीपोटी नमुना न दिलेल्या रुग्णांना अभ्यासातून वगळण्यात आले.' परीक्षकाने या वगळण्याच्या निकषांचं खास कौतुक केलं होतं, असं ती सांगत होती.